गांवाचे धनी आणि गांवाचा इतिहास

नगर जिल्ह्याच्या श्रीगोंदें तालुक्यांत काष्टी नांवाचें एक मोठें गांव आहे. दौंडाहून मनमाडकडे निघालेली आगगाडी भीमा ओलांडून नगर जिल्ह्यांत शिरली, म्हणजे थोड्याच वेळांत त्याचें स्टेशन लागतें. आणि शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळें आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसहि त्याची चांगली ओळख आहे. तेथल्या एका शिक्षकांनीं आपल्या गांवाचा इतिहास शाळेंतील मुलांकरितां लिहिला, आणि छापण्यापूर्वीं नजरेखालून घालावा म्हणून ती वही मजकडे पाठविली. अक्षर वळणदार, भाषा शुद्ध, सनावळ्या बहुतेक बिनचूक. उणीव जाणवली ती एकच. वहींतील 'काष्टी' हा शब्द खोडून त्या जागीं पेडगांव, बेलवंडी किंवा मांडवगण असा कोणताहि शब्द घातला, तरी एकाहि वाक्यास धक्का लागत नाहीं.

देवगिरीचे यादव गेले, दिल्लीचे सुलतान आले. १३४७ त बहामनी, १४९० त निजामशाही, १६३६ त मोंगल, पुढें पेशवे, १८१८ त इंग्रज, १९४७ त स्वातंत्र्य, १९६० त महाराष्ट्र राज्य, आणि २०२४ त जिल्ह्यास मिळालेलें अहिल्यानगर हें नांव. (मोंगल आणि पेशवे यांच्यामध्यें हैदराबादच्या निजामाचा अंमल होता, तेवढा सुटला आहे, नगरचा किल्ला पेशव्यांच्या हातीं आला तो १७५९ सालीं.) हा दोष या एकट्या शिक्षकांचा असता, तर त्यांस खाजगी पत्र लिहून मी मोकळा झालों असतों. परंतु देवस्थानांच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिका, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांतील 'आमचें गांव' हे लेख, पतपेढ्यांच्या अहवालांतील प्रास्ताविकें, यांपैकीं जें हातीं येईल तें चाळावें. सर्वत्र हीच यादी, आणि यादीनंतर देणगीदारांचीं छायाचित्रें. गांवाचा इतिहास म्हणजे गांवाच्या धन्यांची वंशावळ, ही समजूत आपल्यांत इतकी मुरली आहे कीं तिचें उगमस्थान शोधण्याची कोणास गरजच भासत नाहीं.

माझ्या मतें तें उगमस्थान बरेंचसें गॅझेटियरांत आहे. जेम्स कॅम्पबेल यांनीं संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरविषयक सतरावा खंड १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची निंदा करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. त्यांत मिळते तेवढी आणि तितकी विश्वसनीय माहिती त्यानंतरच्या कोणत्याहि एका पुस्तकांत सांपडणार नाहीं, हें तें वापरणारा प्रत्येक जण कबूल करील. आक्षेप आहे तो त्याच्या मांडणीवर. 'इतिहास' या मथळ्याच्या प्रकरणांत राजे, सुभेदार, लढाया आणि तह एवढेंच येतें. दुष्काळ शेतीच्या प्रकरणाच्या शेवटीं. कुणब्याचें कर्ज आणि सावकार भांडवलाच्या प्रकरणांत. मोजणी, आकार आणि साऱ्याची सूट जमिनीच्या प्रकरणांत. आगगाडी व बाजार व्यापाराच्या प्रकरणांत. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कलेक्टराच्या सोयीची ही विभागणी आहे, आणि त्याच्या दृष्टीनें ती उत्तमच होय. परंतु आपले ग्रामेतिहासकार ग्रंथ उघडतात आणि 'इतिहास' हेंच प्रकरण तेवढें उतरून घेतात. गांवाचा खरा इतिहास उरलेल्या चार प्रकरणांत विखुरलेला पडून राहतो, कारण त्यावर तशी पाटी नाहीं!

याच्या उलट दिसणारी दुसरी एक परंपरा आहे, आणि ती पहिलीपेक्षां अधिक लाघवी असल्यामुळें अधिक फसवी आहे. सर चार्ल्स मेटकाफ यांनीं १८३० सालच्या आपल्या टिपणांत असा विचार मांडला कीं हिंदुस्थानांतील खेडीं हीं लहान लहान लोकसत्ताक राज्यें होत. घराण्यामागून घराणें कोसळतें, क्रांतीमागून क्रांति येते, पण खेडें जसेंच्या तसें राहतें. त्याच्या अगोदर, १८१९ सालच्या अहवालांत, एल्फिन्स्टन यांनीं दख्खनच्या खेड्यांविषयीं याच धर्तीचें लिहिलें होतें. कार्ल मार्क्स यांनीं १८५३ त हीच कल्पना उचलली आणि तिचा निषेधासाठीं उपयोग केला. पुढें आमच्या देशभक्तांनीं तीच अभिमानासाठीं वापरली. एकाच वाक्याला इतके परस्परविरोधी धनी लाभावे, ही त्याच्या मोहकपणाची साक्ष होय. आमच्या शिक्षकांच्या वहींतहि शेवटचें वाक्य याच जातीचें आहे: इतक्या राजवटी आल्या आणि गेल्या, पण आमचें गांव अढळ राहिलें.

आतां प्रश्न असा, कीं ते खरोखरच अढळ राहिलें काय? आणि राजवटी आल्या-गेल्या त्याचा गांवास कांहींच स्पर्श झाला नसेल, तर मग त्यांची यादी देण्याचें तरी प्रयोजन काय?

काष्टीच्या परिसरांत हा प्रश्न तपासण्यास साधनें पुष्कळ आहेत. पहिलें म्हणजे भीमा नदी. १६३६ त शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांनीं निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. भीमा आणि नीरा यांच्यामधला प्रदेश विजापूरकडे गेला, भीमेच्या उत्तरेचा मोंगलांकडे. म्हणजे जी नदी काल गुरें पोहत ओलांडीत होतीं, ती एका तहानें दोन पातशाह्यांची सरहद्द झाली. नदीकांठच्या गांवांना या बदलाची झळ कशी लागली असेल, हें पेडगांवाकडे पाहिलें म्हणजे उमगतें. यादवकालीन देवळांचें हें शांत गांव मोंगलांचें सरहद्दीवरील ठाणें बनलें; बहादुरखान कोकलताश यानें तेथें छावणी वसविली, किल्ला उभारला आणि त्यास आपलें नांव देऊन बहादुरगड म्हटलें. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं पकडलेल्या संभाजीमहाराजांस औरंगजेबापुढें उभें केलें तें याच ठिकाणीं. अलीकडे लोक या गडास धर्मवीरगड म्हणतात. बादशाही छावणी म्हणजे हजारों माणसें आणि त्यांहून अधिक जनावरें. त्यांचा दाणा, वैरण, सरपण आणि वेठ पंचक्रोशींतल्या रयतेनेंच पुरविली असली पाहिजे. आणि हें सर्व ज्या काष्टीसारख्या गांवांच्या उंबऱ्यावर घडलें, त्यांच्या वहींत 'मोंगल, १६३६' एवढेंच दोन शब्दांत आटोपावें काय?

तेव्हां राजवट बदलली म्हणजे गांव बदलतच नसे, हें खोटें. पण प्रत्येक राजवटीनें तें सारखेंच बदललें, हेंहि तितकेंच खोटें. यांत निवड कशी करावी? मला एक कसोटी उपयुक्त वाटते, आणि ती मी परदेशच्या एका उदाहरणावरून घेतली आहे. जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर पॅलाटिनेट म्हणून द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. तेथील खेड्यांच्या इतिहासांतहि अशीच लांबलचक यादी असते: आज एका इलेक्टरचें, उद्यां एका ड्यूकचें, परवां बिशपाचें. अठराव्या शतकाच्या अखेरीस तीं फ्रान्सकडे गेलीं, १८१६ त बव्हेरियाकडे, आणि १९४६ पासून तीं ऱ्हाईनलंड-पॅलाटिनेट या नव्या राज्यांत आहेत. यांपैकीं फ्रेंचांचा अंमल उणापुरा वीस वर्षांचा. पण त्यांनीं सरंजामी देणीं आणि चर्चचा दशांश रद्द केला, सर्वांस एकच दिवाणी कायदा लावला. आणि ते निघून गेल्यावरहि तो कायदा १९०० सालापर्यंत त्या प्रांतांत चालू राहिला. शतकानुशतकें राज्य केलेल्या कित्येक लहानसहान संस्थानिकांचें मात्र दगडावरील चिन्हाखेरीज तेथें कांहीं उरलें नाहीं. धनी किती वर्षें होता हें विचारण्यापेक्षां तो गेल्यावर काय मागें राहिलें, हें विचारावें.

ही कसोटी आपल्याकडे लावून पाहिली कीं मौज वाटते. यादवांचें मागें राहिलेलें आपण देवळांत पाहतों. दिल्लीच्या सुलतानांचें? त्यांची सत्ता येथें फार थोडा काळ टिकली. पण १३४४ च्या सुमारास सुरू झालेली शुहूर कालगणना मराठी दप्तरांत पेशवाईच्या अखेरपर्यंत चालली. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतला ब्राह्मण कारकून कागदाच्या माथ्यावर 'सबा सबैन मया व अलफ' असें लिही. हे आंकडे अरबी, अर्थ ११७७, आणि वर्ष १७७६-७७. या सालास मृगसाल म्हणत, कारण सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं तें बदले. महंमद तुघलकाच्या काळचा सन, अरबी आंकडे, आणि वर्षारंभ मात्र कुणब्याच्या पेरणीचा! या एका ओळींत जितका इतिहास आहे तितका त्या अख्ख्या यादींत नाहीं.

निजामशाहीनें काय ठेवलें? मलिक अंबराची जमाबंदी, जिच्यांत मक्तेदाराला बाजूस सारून जमिनीच्या प्रतीवर सारा ठरविण्याचा प्रयत्न झाला, आणि जिची आठवण इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानीं दोनशें वर्षांनंतरहि पडत होती. आणि त्याच निजामशाही मुलखांत, श्रीगोंद्यास, शेख महंमद यांनीं 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ लिहिला. त्यांची समाधि श्रीगोंद्यास आहे, आणि मालोजी भोसल्यांनीं त्यांस गुरु मानल्याची परंपरा आहे. मुसलमान राजवट, मुसलमान कवि, भाषा मराठी आणि विषय योग. राजवटींच्या यादींत ही गोष्ट कोणत्या रकान्यांत बसवावी, हें मला कोणी सांगावें.

दुसरें साधन गांवांच्या नांवांतच आहे. श्रीगोंदें तालुक्यांत सांगवी दुमाला आहे, तांदळी दुमाला आहे. 'दुमाला' या शेपटाकडे कोणी लक्ष देत नाहीं. मुलांस तें आडनांवासारखें वाटतें. सरकारच्या पुऱ्या हक्काच्या गांवास खालसा म्हणत. ज्याच्या महसुलावर सरकाराखेरीज इनामदाराचा किंवा दुसऱ्या कोणाचा हक्क असे, त्यास दुमाला. इनामाची पद्धत गेली, इनामदार गेले, पण कोणे काळीं या गांवच्या धान्याची रास दोन ठिकाणीं वांटली जात होती, ही गोष्ट टपालाच्या शिक्क्यांत आणि एस. टी.च्या पाटीवर आजहि टिकून आहे. मुलांना इतिहास शिकवावयाचा तर तो येथून सुरू होतो, देवगिरीहून नव्हे.

पेशवाई आणि शिंदेशाहीविषयीं थोडें सावकाश बोललें पाहिजे, कारण या भागांत तिचा अभिमान मोठा. श्रीगोंद्यांत शिंद्यांचे वाडे आहेत. १७९७ त नगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या १२ ऑगस्ट रोजीं आर्थर वेलस्ली यानें तो घेतला. या घराण्यांतील महादजी १७८४ त दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, तरी ते स्वतःस पाटील म्हणवीत. आमचे लेखक यांत त्यांचा विनय पाहतात. विनय असेलहि, पण व्यवहारहि आहे. वकिली बादशहाच्या मर्जीची, पाटिलकी वंशपरंपरेची. धनी बदलला कीं वतनदार जुनी सनद घेऊन नव्या धन्याच्या दारीं जाई, नजर ठेवी आणि सनद नवी करून घेई. दिल्ली ज्यानें हातांत ठेविली त्यालाहि खेड्यांतील वतन अधिक भरवंशाचें वाटावें, याहून गांवाच्या चिवटपणाचा दुसरा पुरावा तो कोणता?

येथेंच मेटकाफची कल्पना खरी वाटूं लागते, आणि येथेंच तिला थांबविलें पाहिजे. अढळ राहिलें तें वतन. आणि वतन कांहीं सर्वांचें नव्हतें. मराठींत हें प्रथम निर्भयपणें सांगितलें तें त्रिंबक नारायण आत्रे यांनीं, १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या पुस्तकांत. आत्रे महसूल खात्यांतले. गांवाच्या काळी-पांढरींत त्यांनीं पायीं हिंडून पाहिलें, आणि वंशपरंपरेच्या वृत्तीमुळें काम कसें बिघडतें, बलुत्याचा भार कुणब्यावर कसा पडतो, हें त्यांनीं दाणा-दाणा मोजून दाखविलें. अशी नजर आणि अशी बोलती भाषा दोन्ही एकाच माणसाजवळ असणें दुर्मिळ. तथापि या पुस्तकाचा मी चाहता असलों तरी त्याचा पक्षकार नाहीं. आत्र्यांचें गांव कुणब्याच्या खळ्यांतून पाहिलेलें आहे. खळ्यावर जो मागावयास येतो तो त्यांस भार वाटतो, मग तो सुतार असो, महार असो कीं 'फिरस्ते' या प्रकरणांतील भटका असो. मागणारा खळ्याबाहेर कां उभा आहे, हा प्रश्न त्यांनीं पुरेसा विचारला नाहीं. तो डॉ. आंबेडकरांनीं विचारला. महार वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल त्यांनीं १९२८ त मुंबई कायदेमंडळांत आणलें. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत बोलतांना मेटकाफच्या त्याच सुप्रसिद्ध विचाराचा समाचार घेऊन, ज्या खेड्यांनीं देशाच्या भवितव्याची फिकीर केली नाहीं त्यांच्या केवळ टिकून राहण्याचें कौतुक कसलें, अशा आशयाचा सवाल त्यांनीं केला. ग्रामेतिहास लिहिणाऱ्यानें आत्रे आणि आंबेडकर दोघेहि टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवावे. एकाच गांवाच्या दोन बाजूंनीं दोघे बोलत आहेत.

आणि आतां तीं वर्षें, जीं वहींत नाहींतच. १८०३-०४ चा दुष्काळ, जो होळकरांच्या फौजांच्या लुटीमागून आला आणि ज्यानें नगर प्रांत उजाड केला. १८३६ त पलीकडे इंदापुरांत विंगेट व गोल्डस्मिड यांनीं सुरू केलेली मोजणी, जी पुढें सर्व दख्खनभर पसरली. सर्व्हे नंबर, बांधाचा दगड, तीस वर्षांचा ठराव आणि सारा भरणाऱ्या प्रत्येक खातेदाराचें सरकारदप्तरीं स्वतंत्र नांव हें सर्व तिच्यापासून. पूर्वीं सरकार गांवाशीं बोलत होतें, तें आतां माणसाशीं बोलूं लागलें, आणि त्याच माणसाशीं सावकारहि बोलूं लागला. १२ मे १८७५ रोजीं भीमेपलीकडे सुपें येथें दंगा झाला. तो श्रीगोंदें, पारनेर, कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांना पाहिजे होते ते कर्जरोखे. ते मिळाले कीं जाळावयाचे. १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ त्यामागोमाग आला. पोटासाठीं खडी फोडणाऱ्या दुष्काळी मजुरांचा हात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावाला लागला, आणि १८७८ त त्यावरून गाडी धांवली. १८७९ त दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला. अवघ्या पांच वर्षांत दंगा, दुष्काळ, रेल्वे आणि कायदा! यादीप्रमाणें या पांच वर्षांत काष्टींत कांहींच घडलें नाहीं, कारण धनी तोच होता.

स्वातंत्र्यानंतरचेंहि तसेंच. वहींत १९४७ नंतर एकदम १९६०. पण कुलकर्णी वतन गेलें तें १९५० च्या कायद्यानें, महार वतन १९५८ च्या, आणि पाटिलकी १९६२ च्या. यादव, बहामनी, निजामशहा, मोंगल, निजाम, पेशवे आणि इंग्रज या साऱ्यांनीं जें जपलें किंवा जपूं दिलें, तें तीन कायद्यांनीं बारा वर्षांत मोडलें, आणि दिल्लींत राजवट बदलली नाहीं. त्यानंतर घोड नदीवर चिंचणीस धरण झालें, कालव्याचें पाणी श्रीगोंदें तालुक्यांत आलें, आणि ज्वारीच्या रानांत ऊंस उभा राहिला. १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठीं एक-तृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि २०११ त महाराष्ट्रानें त्या निम्म्यावर नेल्या. जुन्या महजरावर कोणाकोणाच्या निशाण्या असत, हें ज्यानें पाहिलें आहे, नांगर पाटलाचा, तराजू वाण्याचा, आणि बाई सहसा नाहींच, त्यास या शेवटच्या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

शिक्षकांस मीं वही परत पाठविली आहे. यादी काढून टाकूं नका, असेंच लिहिलें. मुलांस सन-सनावळी माहीत असावी आणि ती शेवटीं एका पानावर असावी. पहिलें पान मात्र कोरें ठेवून त्यांनीं शनिवारीं बाजारांत जावें, आणि तेथील म्हाताऱ्या माणसांस विचारावें, कीं कालव्यापूर्वीं येथें कोणत्या जातीचे बैल विकावयास येत, कोठून येत, आणि ते विकून आलेला पैसा कोणाच्या घरीं जाई. दुसरा प्रश्न रुळांविषयीं: लोहमार्गाखालीं कोणाकोणाचीं रानें गेलीं, आणि त्या सर्व्हे नंबरांचे तुकडे आज रुळांच्या कोणत्या बाजूस आहेत. त्यांचें उत्तर आलें आहे. बैलांचें त्यांनीं विचारलें, आणि एका दुपारींच आठ पानें भरलीं. रुळांविषयीं मात्र तलाठी कार्यालयांतील जुने नकाशे पाहावे लागतील, आणि त्यासाठीं त्यांनीं अर्ज केला आहे.